टाकी धुवायची, पण आधी हंडे भरून

आमच्या छत्रपती संभाजीनगरात घरची पाण्याची टाकी धुणे हा एक लहानसा समारंभच असतो. इथल्या दोन पिढ्या ‘आज पाणी येणार का?’ या प्रश्नावर वाढल्या. त्यामुळे टाकीचे बूच काढण्यापूर्वी घरातली बाई सगळा हिशेब करते. पिण्याचे हंडे वेगळे, स्वयंपाकाची कळशी वेगळी, न्हाणीतल्या बादल्या वेगळ्या. शिवाय ‘असू द्यावे’ म्हणून एक पिंप निराळे. एवढे सारे काठोकाठ भरले, झाकले, की मगच यजमान पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, खराटा घेऊन टाकीत उतरतात. बूच आधी उपटून मग हंडा शोधायला निघालेला माणूस या शहरात अजून जन्मायचा आहे.

पण तेच घर कॉम्प्युटरच्या बाबतीत पाहा. यंत्र मंदावले, सुरू व्हायला चहा उकळून गार होण्याइतका वेळ लागू लागला, मधूनच निळा पडदा दिसू लागला, की चिरंजीव सीपीयूची पेटी काखोटीला मारतात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन ठेवतात. ‘फॉरमॅट मारून द्या,’ एवढे तीन शब्द. दुकानदार विचारतो, ‘डेटा पाहिजे का?’ चिरंजीव म्हणतात, ‘नको, विशेष काही नाही त्यात.’ संध्याकाळी पेटी घरी येते. चपळ, स्वच्छ आणि रिकामी. मग दोन दिवसांनी स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, ‘अरे, ताईच्या बारशाचे फोटो कुठे गेले?’

तो प्रश्न कोणत्याही घरात येऊ नये, एवढ्यासाठी हा लेख. घरच्या कॉम्प्युटरवरची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली, मुळापासून पुसून नवी कोरी बसवणे ही काही ब्रह्मविद्या नव्हे. घरात कोणाजवळ एमएस-सीआयटीचा दाखला असेल आणि अंगी थोडा धीर असेल, तर ते घरच्या घरी होते. तास-दोन तासांचे काम. पण त्याच्या आधीचे काम दोन दिवसांचे आहे, आणि ते कितीही हुशार दुकानदाराला करता येणार नाही. कारण आपल्या घरात मोलाचे काय आहे, हे त्याला ठाऊक नसते. ते घरच्यांनीच ठरवायचे.

नहर बुजली, की दगड फुटला?

प्रथम हे ऑपरेटिंग सिस्टिम प्रकरण काय आहे ते पाहू. पाहुणे आले की वेरूळ, बीबी का मकबरा आणि पाणचक्की ही आपली ठरलेली फेरी. पाणचक्कीवर गेले म्हणजे दळणाचा दगड दिसतो, हौदात कोसळणारे पाणी दिसते. ते पाणी दूरच्या डोंगरातल्या झऱ्यापासून जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येते, हे मात्र दिसत नाही. मलिक अंबराने सतराव्या शतकात या शहरासाठी नहर बांधली, तीही अशीच जमिनीखालून. चक्की दिसते, नहर दिसत नाही. पण नहर बुजली की चक्की थांबते, आणि दगडाला मात्र कुठे चीरही गेलेली नसते.

कॉम्प्युटरचे तसेच आहे. पत्र लिहायचा, फोटो पाहायचा, हिशेब मांडायचा प्रोग्राम ही चक्की. यंत्रातला प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि पडदा यांची शक्ती त्या प्रोग्रामपर्यंत पोचवणारी अदृश्य नहर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज हे तिचे घरोघरी ठाऊक असलेले नाव. लिनक्स हे दुसरे. वर्षानुवर्षांच्या वापराने या नहरीत गाळ साचतो. काढून टाकलेल्या प्रोग्रामांचे उरलेले तुकडे, यंत्र सुरू होताच न बोलावता उठून बसणारे डझनभर मदतनीस, मुदत संपलेले व्हायरस-रक्षक, कधी एखादा खराखुरा व्हायरस. हा गाळ हाताने उपसता येतो. पण एका मर्यादेपलीकडे उपसत बसण्यापेक्षा नवी नहर घालणे सोपे पडते. त्यालाच जाणकार ‘क्लीन इन्स्टॉल’ म्हणतात, आणि आपण ‘फॉरमॅट मारणे’.

मात्र त्याआधी एक परीक्षा करावी. जुन्या यंत्रातली फिरती हार्ड डिस्क कर्रकर्र, टकटक असा आवाज करू लागली असेल, साधी फाइल उघडतानाही वारंवार अडत असेल, तर दोष गाळाचा नाही. दगडालाच चीर गेली आहे. अशा डिस्कवर नवी सिस्टिम बसवून काही साधत नाही. तिच्यातले हाती लागेल ते लगोलग बाहेर काढावे आणि डिस्कच बदलावी. बदलायचीच तर फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी घालावी. तिच्यात फिरणारा भाग नसतो. फिरत्या डिस्कवर चालणाऱ्या जुन्या यंत्राला एसएसडी आणि कोरी सिस्टिम या दोन गोष्टींनी जी तरतरी येते, ती पाहून घरची माणसे चकित होतात.

ऑक्टोबरची नोटीस

या विषयाला एक ताजे निमित्तही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. जुलै २०१५ मध्ये आलेली ही सिस्टिम दहा वर्षे घराघरांत नांदली. देखभाल थांबली म्हणजे यंत्र बंद पडले, असे नव्हे. ते चालते. पण नव्याने सापडणारी छिद्रे बुजवायला कोणी येत नाही. गुरखा नोकरी सोडून गेल्यावर वाड्याची जी स्थिती होते, ती या यंत्राची. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार होतात, त्याला हे परवडणारे नाही. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत देऊ केली. पण मुदत ती मुदतच, सुटका नव्हे.

पुढचा सरळ मार्ग विंडोज ११ चा. तिच्या अटी कडक आहेत. निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय, आणि बराच अलीकडचा प्रोसेसर. इंटेलचा असेल तर सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. म्हणजे २०१५-१६ साली हौसेने घेतलेले, अजून धडधाकट असलेले यंत्र या दारातून आत जात नाही. ‘भंगारात काढा आणि नवे घ्या,’ असा सल्ला मग चहूकडून मिळतो.

तो सल्ला ऐकण्याआधी थोडे थांबावे. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने लिनक्सची सुरुवात केली. पुढे जगभरच्या हजारो माणसांनी ती वाढवली. आज ती विनामूल्य मिळते. तिच्या अनेक आवृत्त्यांपैकी लिनक्स मिंट ही विंडोजच्या सवयीच्या माणसाला जवळची वाटणारी. ती २ जीबी रॅमवर चालते, ४ असेल तर सुखाने चालते, आणि डिस्कवर निदान २० जीबी जागा मागते. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेने ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्स तयार केली. तिच्यात मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे. केरळातल्या सरकारी शाळांत तर मुले वर्षानुवर्षे अशाच मुक्त सिस्टिमवर शिकतात.

लिनक्सची एक सोय गृहिणींना विशेष आवडेल. साडी जशी दुकानातच अंगावर लावून पाहता येते, तशी ही सिस्टिम पेन ड्राइव्हवरून, डिस्कवरचे काहीही न पुसता, चालवून पाहता येते. आवाज येतो का, वायफाय लागते का, प्रिंटर ओळखीचा वाटतो का, हे तासभर पाहावे आणि मगच ठरवावे. मात्र घरात कोणी टॅलीवर हिशेब ठेवत असेल, किंवा कामासाठी डिजिटल सहीचे टोकन वापरत असेल, तर त्यांची चौकशी आधी करावी. ही मंडळी विंडोजच्या पंगतीला बसणारी. लिनक्सच्या पानावर त्यांची सोय होईलच, असे नाही.

हंडे भरताना

आता मुख्य कामाकडे वळू. एखाद्या रविवारी घरातल्या सर्वांना कॉम्प्युटरभोवती बसवावे आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: ‘हे यंत्र आज रात्री चोरीला गेले, तर तुम्हाला काय नसल्याचे दुःख होईल?’ उत्तरे कागदावर लिहून काढावीत. सर्वांना ठाऊक असलेल्या जागा चार: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स. पण घरातली माणसे वस्तू नेमून दिलेल्या जागीच ठेवतात, असा ज्याचा समज आहे त्याने एकदा आपल्या घरातली चहाची डबी शोधून पाहावी. कॉम्प्युटरमध्येही तेच. स्कॅन केलेली सात-बाराची प्रत भलत्याच फोल्डरमध्ये असते. टॅलीची माहिती तिच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असते. जुन्या आउटलुकची टपाले एकाच मोठ्या फाइलमध्ये कोंडलेली असतात. ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड आणि खुणा निराळ्याच. सूनबाईंनी शिकवणीसाठी केलेल्या प्रश्नपत्रिका, मुलीचे अर्धवट राहिलेले प्रोजेक्ट, लग्नाच्या पाहुण्यांची यादी. हे सारे यादीत आले पाहिजे.

या सर्वांची नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी. एक नक्कल म्हणजे नक्कल नव्हेच. दोन घ्याव्यात, आणि दोन निरनिराळ्या वस्तूंवर घ्याव्यात. ‘डी ड्राइव्हवर ठेवले आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. आपल्याकडे एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग करण्याची पद्धत आहे. सी पुसला तरी डी राहतो, हे खरे. पण डिस्कच बिघडली तर तिन्ही बरोबरच जातात, आणि पुसताना एक बोट चुकले तरी तेच. एकाच टाकीत तीन कप्पे केले म्हणून तीन टाक्या होत नाहीत.

आणि शेवटची गोष्ट, जी शंभरातले नव्वद लोक करीत नाहीत. घेतलेली नक्कल दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरला जोडून उघडून पाहावी. फोटो दिसतो का? व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो का? हंड्याला भोक आहे की नाही, हे टाकी भरलेली असताना पाहायचे असते. फॉरमॅटनंतर गेलेली माहिती फिरत्या डिस्कवरून कधीकधी जाणकाराला परत मिळवता येते. एसएसडीवरून ती मिळण्याची आशा फारच थोडी.

फाइल आली, लिपी राहिली

मराठी घरांसाठी एक खड्डा असा आहे, की ज्याची सूचना इंग्रजी पुस्तकांतून सहसा मिळत नाही. म्हणून तो विस्ताराने सांगतो.

सिडकोतले एक घर डोळ्यांसमोर आणा. आजोबा पंचाऐंशीचे, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर हौसेने मराठी टायपिंग करू लागले. नातू उद्या कॉम्प्युटर पुसणार म्हणून सूनबाई विचारतात, ‘बाबा, तुमचे काही ठेवायचे आहे का यात?’

‘माझे कसले?’ आजोबा म्हणतात. ‘मुक्तिसंग्रामाच्या वेळचे थोडे टाइप करून ठेवले होते, तेवढेच.’

‘थोडे’ म्हणजे ऐंशी पाने. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, तेव्हा आजोबा आठ वर्षांचे होते. रझाकारांच्या भीतीने रात्री सोडलेले गाव, बैलगाडीत पोत्यांखाली लपवलेली भांडी, परत आल्यावर अंगणात उगवलेले गवत. आईच्या तोंडून ऐकलेले आणि स्वतः पाहिलेले सगळे त्यांनी त्यात उतरवले आहे. ते सांगणारे त्या पिढीतले घरात आता दुसरे कोणी नाही.

नातू गुणी आहे. तो फाइल इमानाने पेन ड्राइव्हवर घेतो, यंत्र पुसतो, नवी सिस्टिम बसवतो आणि फाइल उघडतो. पडद्यावर काय दिसते? इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे आणि चिन्हे यांची खिचडी, ऐंशी पाने भरून.

‘आजोबा, हे कोणत्या भाषेत लिहिले तुम्ही?’

फाइल आली, लिपी मागे राहिली. असे का होते? त्या काळात श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, सी-डॅकच्या आयएसएमबरोबर येणारे योगेश आणि सुरेख असे टंक घरोघरी आणि कचेऱ्यांत चालत. यांपैकी बहुतेकांची युक्ती एकच होती. कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरांचे क्रमांकच साठत. टंक त्यांच्यावर देवनागरीचे मुखवटे चढवी. मुखवटा आहे तोवर मराठी. तो काढला की खाली इंग्रजी चेहरा. आणि प्रत्येक टंकाचा मुखवटा निराळा, त्यामुळे एकाचा दुसऱ्याला चालत नाही. फॉरमॅटमध्ये हे टंक पुसले जातात, आणि नव्या सिस्टिमबरोबर ते येत नाहीत.

युनिकोडने हा गोंधळ मिटवला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. जगातल्या कोणत्याही यंत्रात ‘क’ चा क्रमांक ०९१५ हाच. टंक बदलला तर वळण बदलेल, अक्षर बदलणार नाही. विंडोज २००० पासून ही सोय मायक्रोसॉफ्टच्या सिस्टिममध्ये आली, आणि तिच्याबरोबर ‘मंगल’ हा देवनागरी टंक आला. तो रेखला होता मुंबईचे सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी. देशोदेशींच्या कॉम्प्युटरवर देवनागरी वाचणाऱ्या कितीतरी लोकांनी एका मराठी माणसाच्या हाताचे वळण पाहिले आहे, आणि त्यांना ते ठाऊकही नाही.

तर करायचे काय? जुने यंत्र चालू असतानाच अशी प्रत्येक मराठी फाइल उघडावी. अक्षरांच्या टंकाचे नाव काय आहे, ते वरच्या पट्टीत दिसते. ते टिपून घ्यावे. नंतर तीच फाइल पीडीएफ म्हणून जतन करावी. पीडीएफमध्ये टंकाचे वळण सहसा आतच बांधले जाते, त्यामुळे ती दुसऱ्या यंत्रावरही जशीच्या तशी दिसते. तरीही दुसऱ्या यंत्रावर उघडून खात्री करावी. मूळ फाइलही ठेवावी, आणि विंडोजच्या फॉण्ट्स फोल्डरमधून तो टंकही उचलून तिच्याशेजारी ठेवावा. मग सवडीने, परिवर्तक प्रोग्राम वापरून, मजकूर युनिकोडमध्ये आणावा. परिवर्तक जोडाक्षरांत आणि रफारांत अडखळतात. म्हणून मूळ पीडीएफ शेजारी ठेवून घरातल्या कोणीतरी तो वाचलाच पाहिजे. नातवाने वाचावा आणि आजोबांनी दुरुस्त करावा, याहून चांगली दिवाळीची सुटी कोणती?

ज्याच्या हातून पुसून झाले आहे त्यानेही हताश होऊ नये. मजकूर नष्ट झालेला नसतो. टंकाचे नाव कळले, तो पुन्हा मिळवून बसवला, की पाने परत बोलू लागतात. पण नाव आठवायला आजोबा जवळ असावे लागतात.

आता बूच काढा

हंडे भरले, झाकले. आता खरे काम. ते क्रमाने सांगतो.

एक: सर्व किल्ल्या एका वहीत लिहाव्यात. ई-मेलचे पासवर्ड, ऑफिस किंवा टॅली यांचे क्रमांक, वायफायचा पासवर्ड. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर अजून आपलाच आहे ना, हेही पाहावे. दहा वर्षांपूर्वीचा नंबर पुष्कळांनी सोडून दिलेला असतो, आणि ओटीपी भलत्याच माणसाकडे जातो. विंडोजचा स्वतःचा परवाना बहुधा यंत्राच्या मदरबोर्डाशी बांधलेला असतो. म्हणून बसवताना किल्ली मागितली तर ‘माझ्याजवळ किल्ली नाही’ हा पर्याय निवडून, होम असेल तर होम आणि प्रो असेल तर प्रो, अशी पूर्वीचीच आवृत्ती घ्यावी. इंटरनेट जोडले की परवाना आपोआप ओळखला जातो.

दोन: निदान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्यावा. त्याच्यावरचे सर्व पुसले जाणार, म्हणून तो रिकामाच घ्यावा. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टच्या आणि लिनक्ससाठी त्या त्या आवृत्तीच्या मूळ संकेतस्थळावरूनच सामान उतरवावे. कोणी ओळखीचा ‘आपल्याकडे आहे, पैसे नकोत’ म्हणून बनावट विंडोज देऊ करील, तर त्याला नमस्कार करावा. तिचे कुलूप तोडणारे जे प्रोग्राम असतात, तेच पुष्कळदा चोराला आत घेतात.

तीन: आपल्या यंत्राचा वायफायचा ड्रायव्हर यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आधीच उतरवून दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवावा. नव्या सिस्टिमला वायफाय ओळखता आले नाही, तर इंटरनेट नाही. इंटरनेट नाही तर ड्रायव्हर नाही. ही गाठ आधीच सोडवलेली बरी.

चार: लॅपटॉप चार्जरला लावावा, मोठे यंत्र असेल तर यूपीएस तपासावा. मध्येच वीज गेली तर काम अर्धवट राहते. नकला घेतलेल्या बाहेरच्या डिस्का काढून कपाटात ठेवाव्यात. पेटीत दुसरी डिस्क असेल आणि जमत असेल, तर तिचीही वायर तेवढ्यापुरती काढावी. जे जोडलेलेच नाही ते चुकून पुसले जात नाही.

पाच: पेन ड्राइव्ह लावून यंत्र सुरू करताच बूट मेन्यूची कळ दाबावी. डेल आणि लेनोव्होच्या पुष्कळ यंत्रांत ती एफ १२, एचपीच्या पुष्कळ यंत्रांत एस्केप किंवा एफ ९. यादीतून पेन ड्राइव्ह निवडला की नव्या सिस्टिमचे स्वागतपान दिसते.

सहा: आता भाषा, कळफलक वगैरे प्रश्न होतात. नव्या विंडोज ११ मध्ये ‘सर्व काही पुसले जाईल, हे मला मान्य आहे’ अशा अर्थाच्या ओळीपुढे खूण करावी लागते. इथे हात थांबवून, वहीतली यादी एकदा मोठ्याने वाचावी. मग डिस्कच्या भागांची यादी येते. डिस्कचा आकार पाहून आपलीच डिस्क आहे याची खात्री करावी. सगळीच कोरी करायची असेल तर तिचे भाग एकेक करून काढून टाकावेत. उरलेली मोकळी जागा निवडून पुढे जावे. बाकीचे यंत्र स्वतः करते. ते दोन-चार वेळा बंद होऊन सुरू होईल, घाबरू नये.

नवे पाणी

नवी सिस्टिम उभी राहिली की घाईने जुने सामान आत ओतू नये. आधी तिच्या सर्व सुधारणा उतरवून घ्याव्यात. विंडोजमध्ये व्हायरस-रक्षक आतच असतो. तो चालू आहे ना, ते पाहावे. भाषांच्या यादीत जाऊन मराठी जोडावी. तिथे इनस्क्रिप्टचा कळफलक मिळतो, आणि इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारा फोनेटिकही. आजोबांना एक, नातवाला दुसरा.

विंडोज ११ वाल्यांना एक महत्त्वाची सूचना. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नवी विंडोज सुरू केली, की पुष्कळ यंत्रांत डिस्कला आपोआप कुलूप लागते. लॅपटॉप चोरीला गेला तर ते हिताचेच. पण पुढे काही बिघाड झाला तर यंत्र ४८ आकड्यांची किल्ली मागते. ती त्या खात्यात जपलेली असते. खात्याचाच पासवर्ड विसरला असेल, तर आपल्याच फोटोंपुढे आपणच परके. म्हणून ती किल्ली कागदावर उतरवून, घराची आणि विम्याची कागदपत्रे असतात त्याच पिशवीत ठेवावी.

यानंतर जुन्या नकलेतून लागेल तेवढेच परत आणावे. एकच फोटो सात वेळा, मुदत संपलेली रेल्वेची तिकिटे, कोणी पाठवलेली सुप्रभातची चित्रे. हे सारे नव्या घरात आणण्याचे कारण नाही. पण जुनी नक्कल मात्र निदान वर्षभर मोडू नये. एखादी गोष्ट राहून गेली, हे कळायला तेवढा वेळ लागतोच. घरपट्टीची पावती घरपट्टीच्या दिवसांतच आठवते.

लिनक्स बसवूनही न वापरण्याजोगे, खरोखरच निकामी झालेले यंत्र असेल, तर ते भंगारवाल्याच्या गाडीवर टाकू नये. ई-कचऱ्याचे नवे नियम देशात १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. असे यंत्र अधिकृत संकलकाकडेच द्यावे. आणि देण्यापूर्वी डिस्क काढून घ्यावी. आपल्या घराच्या चाव्या कुलपाबरोबर विकत नाहीत, तसे हे.

दुसरी नक्कल कुठे ठेवायची, हे मात्र सांगायचे राहिले. पहिली घरात असेल, तर दुसरी घरात नको. आग, पूर, चोरी ही घराला होते. कपाट बदलून तिला चुकवता येत नाही. आपल्या सणांनी याची सोयच करून ठेवली आहे. भाऊबिजेला बहीण पुण्याहून, मुंबईहून येते, आणि परत जाताना फराळाचे डबे घेऊन जाते. त्या पिशवीत एक छोटी हार्ड डिस्क आणखी मावते. तिच्यावर ताईच्या बारशाचे फोटो असावेत, आईच्या हस्ताक्षरातल्या पाककृतींचे स्कॅन असावेत, आणि आजोबांची ऐंशी पाने असावीत, वाचता येतील अशा अक्षरांत. शक्य असेल तर त्या पानांची छापील, बांधलेली एक प्रतही तिच्या हाती द्यावी. कागद वाचायला कोणतीच ऑपरेटिंग सिस्टिम लागत नाही. आणि ती गाडीत बसल्या बसल्या वाचायलाही लागेल.